भिंतीला बाक आहे

तेंदुझरीच्या किल्ल्याचा नकाशा काढायला
आम्ही तिघं गेलो, पौषात, टेप आणि खुंट्या घेऊन.
बांध्यांमधलं धान उचललं गेलं होतं,
तणसाच्या ढिगावर एक कोतवाल पक्षी, तेवढाच पहारा.
दरवाजावर सिंह, पंजाखाली हत्ती,
हत्तीचा चेहरा मात्र इतका निवांत
की वाटावं, दोघांनी पाळी ठरवून घेतलीय.

पूर्वेची भिंत एकशे बारा मीटर, सरळ.
बुरूज चार; त्यातला एक तळ्याकडे झुकून
शिंगाडे काढणाऱ्यांचं बोलणं ऐकतो.
खाली जांभा, वर विटा, मधल्या चुन्यात
बेलाचा गर आणि उडदाचं पाणी, असं लालशाव सयाम म्हणाला.
तो इथला चौकीदार. नखानं एक कण खरवडून
जिभेवर ठेवला : "आजून गोड हाये."
मीही ठेवला. मला मातीच लागली.

आत बाग आहे, असं जुन्या कागदात होतं.
बाग म्हणजे तरोटा, कमरेइतका,
आणि चालता चालता पावलाखाली अचानक
दगडी पन्हळ.
तळ्याच्या पाळीच्या पोटातून निघून
ती सज्जाखालच्या हौदापर्यंत जाते,
वितीमागे तांदळाच्या दाण्याएवढा उतार.
कुणा कोहळी माणसाचं काम. नाव कोरलेलं नाही.
म्हणे अमावस्येला त्यानं पन्हळीत दिवे सोडले,
आणि जिथं दिवा थबकला तिथला दगड
सकाळी पुन्हा बसवला.

झाडांची आळी दगडात बांधलेली,
सज्जाजवळ रुंद, पुढे पुढे अरुंद.
मी दोन दिवस मोजत राहिले, मग उमगलं :
इथं उंच झाडं, तिकडे बुटकी,
म्हणजे तळं होतं त्याहून दूर वाटावं.
बेताचं राज्य. लांबी उसनी आणलेली.

तिसऱ्या दिवशी पश्चिम बाजू.
आकडे मिळेनात.
दोनदा टेप ओढला, तिसऱ्यांदा शिव्या दिल्या.
भिंत मध्येच आत वळत होती,
उशाला हात घेतलेल्या माणसाच्या कोपरासारखी,
आणि सात मीटरवर पुन्हा ओळीत येत होती.
मी वहीत लिहिलं : *बांधकामातील दोष*.

"चुकली नाई, मॅडम. सरकली," लालशाव म्हणाला.
"थ्या जागी मोह होता."

गावात याच्या तीन गोष्टी आहेत.
एकीत कुऱ्हाड मोडते, एकीत राणीला स्वप्न पडतं,
तिसरीत झाड बोलतं.
लालशावला त्यातली एकही पटत नाही.
"मोह पडाच्या दिवसात काम बंद होतं.
सप्पा मजूर टोपले घेऊन येचाले गेले.
परत आल्यावर त्याहिले कोन म्हनन,
तोडा म्हनून?"

झाड कधी गेलं, ते कुणाला माहीत नाही.
त्याच्या आज्याच्या आज्यानंही पाहिलेलं नाही.
आता त्या वळणात दुपारी शेळ्या बसतात,
भिंतीच्याच सावलीत.
"बुंधा केवढा असेल?" मी विचारलं.
त्यानं शेळ्या हाकलल्या, मधोमध उभा राहिला,
आणि काहीही नसलेल्याला कवेत घेतलं.
"असे दोन मानसं."
मी टेप धरला. खांद्यामागून, बोटांपर्यंत,
एक मीटर अडुसष्ट. गुणिले दोन.

नकाशात मी तिथं तुटक रेषेचं वर्तुळ काढलं.
सूचीत त्याला खूण नव्हती.
कार्यालयातून नकाशा मंजूर होऊन आला
वर्तुळ खोडून, *दोष* हा शब्द तसाच ठेवून.

चैत्रात लालशावचा फोन :
बाकाच्या आत काहीतरी उगवलं होतं, चार पानं.
मोहाचं होतं का, ते नीट बघायच्या आधीच
शेळीनं खाल्लं.
कोणाची शेळी, ते त्यानं सांगितलं नाही.